फोटोची मागची बाजू

आमच्या घरी एक फोटो आहे. सहा सेंटीमीटरचा चौकोन, काळा-पांढरा, कडा पिवळ्या पडलेल्या. सासूबाई फलाटावर पत्र्याच्या ट्रंकेवर बसल्या आहेत, मांडीवर मोठे दीर, मागे आगगाडीच्या डब्याची जेमतेम एक खिडकी. हा फोटो चाळीसेक वर्षं अल्बमला चिकटून होता. सोडवला तेव्हा मागे शाईनं लिहिलेले दोन शब्द दिसले: ‘अभनपूर, माघ’. तोवर घरातले सगळे त्याला नागपूर स्टेशनचा फोटो समजत होते.

या फोटोचं संगणकावर एक पान कसं तयार झालं, ते मी आपल्याला पायरीपायरीनं सांगणार आहे. हे काम आपण याआधी कधीच केलं नसेल, असं धरूनच सांगते.

शाळेत आपण चिकटवही करायचो. कात्रणं, बसची तिकिटं, वाळलेली पानं चिकटवायची आणि बाजूला दोन ओळी लिहायच्या. जगभर लोक हेच करत आले आहेत. लेखक मार्क ट्वेननं तर आधीच गोंद लावलेल्या पानांची चिकटवही काढून १८७३ साली तिचं पेटंट घेतलं होतं. डिजिटल स्क्रॅपबुकिंग म्हणजे हीच चिकटवही, फक्त कागद आणि डिंक यांच्या जागी संगणक किंवा फोन. यात मूळ फोटोला कात्री लागत नाही, आणि तयार झालेलं पान नागपूरच्या नणंदेला, पुण्याच्या भाच्याला, सगळ्यांना सारखंच मिळतं.

मी गुढियारीत राहते, रायपूर स्टेशनच्या मागच्या अंगाला, ठोक बाजाराच्या गजबजाटात. रायपूरची जुनी मराठी वस्ती तात्यापाऱ्याची. महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलनीत. आमच्या बाजूला मराठी घरं गल्लीत एखाददुसरी. १९५६पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती, राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे इथल्या मराठी घरांची सोयरीक, नोकऱ्या, शाळा सगळं रायपूर-नागपूर रेल्वेमार्गावर पसरलेलं आहे आणि फोटोही तसेच विखुरलेले आहेत.

आमची नातवंडं शाळेत हिंदी-इंग्रजी वाचतात, रस्त्यावर छत्तीसगढी बोलतात, मराठी फक्त आजीशी. अशा घरात फोटोखाली आजीच्या शब्दांत लिहिलेल्या पाच ओळी हा बहुधा त्या मुलाच्या हाती पडणारा पहिला मराठी मजकूर असतो. म्हणून माझा आग्रह एकच आहे: पानावर मजकूर आधी, सजावट मागाहून. बहुतेक नवशिके उलटं करतात. फुलं, रिबिनी, चौकटी यांत दोन तास जातात आणि फोटोतलं माणूस कोण, हे लिहायचं राहून जातं.

महिन्यातल्या एका रविवारी दुपारी अशी पानं करायला आम्ही सात-आठ जण कुणा एकाच्या घरी जमतो. दोघींकडे लॅपटॉप आहे, बाकीचे फोनवर करतात. वय पंचवीसपासून पंचाहत्तरपर्यंत. पुढे जे सांगते आहे, ते बरंचसं या दुपारींत एकमेकांकडून शिकलेलं आहे.

सुरुवात विषय निवडण्यापासून करा, आणि विषय छोटा घ्या. एका पानाला एक गोष्ट. ‘आमचं घराणं’ हा विषय घेतला की पहिल्याच महिन्यात दोनशे फोटो गोळा होतात आणि काम तिथेच थांबतं. ‘अभनपूरच्या फलाटावर आई’ हा विषय घेतला, तर दोन रविवारांत पान होतं. एक पान पूर्ण झालं की दुसऱ्याची हिंमत येते.

मग फोटो अल्बममधून सोडवायचा. काळ्या जाड कागदाचा, कोपऱ्यांच्या खाचांत फोटो बसवलेला जुना अल्बम असेल, तर काही अडचण नाही. अडचण येते ती सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अल्बमांची. त्यात चिकट पट्ट्यांच्या पानावर फोटो ठेवून वरून प्लॅस्टिकचा पापुद्रा लावलेला असतो. ते चिकट द्रव्य वर्षानुवर्षं कडक होतं आणि फोटो धरून ठेवतं.

असा फोटो नखानं ओढू नका. दातांच्या फटी साफ करायला जो बारीक धागा मिळतो, तो फोटो आणि पान यांच्या मधे सरकवून करवतीसारखा हळूहळू पुढे-मागे करा. पाणी लावू नका, इस्त्री किंवा गरम हवा लावू नका. तरीही सुटत नसेल, तर सोडवण्याचा नाद सोडा. पापुद्रा उचलून तिथल्या तिथेच त्याचा फोटो घ्या. फाटलेला फोटो परत येत नाही.

हात कोरडे ठेवा, फोटो कडेला धरा. पावसाळ्यात हे काम टाळलेलं बरं, दमट हवेत फोटोचा वरचा थर मऊ होऊन बोटाला चिकटतो. आमच्याकडे ही कामं दिवाळीनंतर सुरू होतात.

सुटल्या सुटल्या फोटो उलटा करा. मागच्या बाजूला नाव, तारीख, स्टुडिओचा शिक्का, कधी नुसता एक आकडा असतो. ती बाजूही पुढच्या बाजूइतकीच जपून टिपायची आहे. आपल्याला मागे काही लिहायचं असेल, तर मऊ शिसपेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा. बॉलपेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते.

आता स्कॅनिंग, म्हणजे कागदावरचा फोटो संगणकात उतरवणं. इथे एक आकडा समजून घ्यायला हवा. संगणकातलं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं, त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. छापताना एका इंचात ३०० ठिपके बसले की चित्र स्वच्छ दिसतं. म्हणजे पाच इंच रुंद छापायचं असेल, तर १५०० पिक्सेल हवेत.

स्कॅनरवर किती ठिपक्यांनी टिपायचं, हे आधी ठरवता येतं. फोटो आहे त्याच आकारात छापायचा असेल तर इंचाला ३०० पुरतात, दुप्पट मोठा करायचा असेल तर ६००. आमचा फोटो सहा सेंटीमीटरचा, म्हणजे अडीच इंचांपेक्षाही थोडा कमी. इंचाला ३०० नं तो फक्त सातशे पिक्सेलच भरला असता आणि पानावर टपाल तिकिटासारखा दिसला असता. आम्ही १२०० नं टिपला, तेव्हा एका बाजूला अठ्ठावीसशेच्या वर पिक्सेल मिळाले. याच्या पुढे जाऊ नका. जुन्या कागदात तेवढा तपशीलच नसतो, फक्त फाईल फुगते.

काळा-पांढरा फोटोसुद्धा रंगीत सेटिंगवरच टिपा. पिवळेपणा, शाईचा निळा डाग, हे सगळं त्या फोटोच्या वयाचं आहे. नको वाटलं तर रंग नंतर काढता येतो, मात्र आधी टिपलाच नाही तर परत आणता येत नाही.

स्कॅनर नसेल तर फोन चालतो. सकाळी दहाच्या सुमारास, ऊन थेट न येणाऱ्या खिडकीपाशी टेबल ठेवा. फोटो सपाट ठेवा, फोन त्याच्या बरोबर वर, समांतर धरा, फ्लॅश बंद. चकचकीत फोटोवर उजेडाचा पांढरा डाग पडतो, ही इथली नेहमीची चूक. टेबल थोडं फिरवलं की डाग जातो. गूगलचं फोटोस्कॅन हे विनामूल्य ॲप एकाच फोटोचे चार-पाच कोनांतून फोटो घेतं आणि त्यातून डाग काढून टाकतं. माळ्यावरच्या पेटीतले शंभर फोटो झपाट्यानं टिपायला ते चांगलं, पण पानावर मोठा करायचा मुख्य फोटो मात्र स्कॅनरवरच टिपावा, असं माझं मत आहे.

टिपून झालं की लगेच नाव द्या. फोन किंवा स्कॅनर जे नाव आपोआप देतो, त्यात अक्षरं आणि आकडे यांची सरमिसळ असते, महिन्याभरानं काहीच सापडत नाही. नावात आधी वर्ष, मग गाव, मग माणूस किंवा प्रसंग, शेवटी पुढची बाजू की मागची: ‘१९६६ अभनपूर आई फलाट पुढची’. वर्ष आधी लिहिलं की सगळे फोटो आपसूक काळाच्या क्रमानं लागतात. वर्ष पक्कं नसेल तर नावात ‘अंदाजे’ घाला. अंदाजाला खात्री म्हणून लिहू नका, पुढच्या पिढीला त्यातला फरक कळणार नाही.

वर्ष काढायचं कसं? आम्ही असं काढलं. दिरांचा जन्म १९६४च्या श्रावणातला. फोटोतलं मूल दीडेक वर्षाचं दिसतं. मागे माघ लिहिलेलं आहे. म्हणजे १९६६च्या सुरुवातीची थंडी. चौकोनी आकारही त्याला जुळतो. त्या काळी आपल्याकडे बऱ्याच घरांत असलेला आग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा एका रिळात असे बारा चौकोनी फोटो काढायचा. मुलाचं वय, साडीची पद्धत, फोटोचा आकार, मागची भिंत: अशा चार गोष्टी एकत्र मांडल्या की दोन-तीन वर्षांच्या फरकानं साल सापडतं.

फाईलच्या तीन प्रती ठेवा. एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर, एक घराबाहेर, म्हणजे ऑनलाईन साठवणीत किंवा दुसऱ्या गावच्या भावंडाकडे. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या माहेरच्या ऐंशी फोटोंची एकच प्रत एका पेन ड्राइव्हवर होती आणि तो एका सकाळी उघडलाच नाही. फोटो कागदावर शिल्लक होते म्हणून पुन्हा टिपता आले, तीन रविवार गेले.

यापुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिथे थोडं थांबते. फोटो घेऊन त्या माणसाजवळ बसायचं.

‘आठवतं का हो?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘कुठलं आठवतंय आता!’ आणि बोलणं संपतं. प्रश्न फोटोतल्या वस्तूचा विचारा. मी सासूबाईंना विचारलं, ‘आई, ही ट्रंक कुणाची?’ ट्रंकेवरून त्या लुगड्यावर आल्या, लुगड्यावरून जत्रेवर. अर्धा तास बोलल्या. मी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं होतं, त्यांना सांगूनच. घाईघाईनं लिहून घेत बसलो तर आपलं लक्ष वहीत जातं आणि बोलणारा आखडतो.

रेकॉर्डिंग ऐकून त्यातलं नेमकं तेवढं उतरवायचं, त्यांच्याच शब्दांत. आमच्या पानावरचा मजकूर असा आहे:

‘राजिमच्या जत्रेला निघालो होतो. रायपूरहून आलेली गाडी पुढे धमतरीला गेली, राजिमची यायची होती. हे फोटो काढत होते आणि मी म्हणत होते, आधी पोराला पाणी आणा. ट्रंकेत भाकरी आणि मुरमुऱ्याचे लाडू. लुगडं माझ्या आईचं. ते त्या जत्रेतच हरवलं.’

फोटोत यातलं काहीही दिसत नाही. जत्रा नाही, तहान नाही, फोटो काढणारे सासरे तर नाहीतच. पान करायचं ते याच्यासाठी.

या मजकुराखाली मी लहान अक्षरांत आणखी दोन ओळी घातल्या. रायपूर-धमतरी ही अडीच फुटी छोटी लाईन होती, १९००च्या सुमाराला सुरू झालेली, आणि अभनपूरला तिचा एक फाटा राजिमकडे वळायचा. रायपूर शहरातून जाणारे तिचे रूळ आता उखडले आहेत, त्या जागेवरून एक्सप्रेस-वे जातो. नातवाला ‘राजिमची यायची होती’ हे कळायचं, तर ती गाडी कुठली हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

मजकूर साठ-सत्तर शब्दांत बसवा. सगळं सांगायचा मोह होतो. उरलेलं रेकॉर्डिंग जपून ठेवा, त्यातून दुसरं पान निघेल. आणि मजकूर कुणी सांगितला, कुणी उतरवला, कोणत्या दिवशी, हे कोपऱ्यात लिहा.

फोटो तयार, मजकूर तयार. आता पान. आधी आकार ठरवायचा, कारण मधेच बदलला की सगळं विस्कटतं. परदेशी चिकटवह्यांचा रिवाज बारा इंची चौकोनाचा आहे, तयार सजावटीचे संचही त्याच मापाचे असतात. ते पान ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं होतं. दिसायला सुरेख, पण आपल्या बाजूच्या झेरॉक्स-प्रिंटिंगच्या दुकानात ते छापून घेणं अवघड आणि महाग. पहिल्या दहा पानांसाठी मी ए-फोर आडवं सुचवीन: ३५०८ बाय २४८० पिक्सेल. कुठल्याही गावात छापून मिळतं आणि साध्या फाईलमध्ये लागतं.

कशावर करायचं? फोनवर करणार असाल तर कॅनव्हा सोपं. बोटानं फोटो ओढायचा, चौकटीत सोडायचा. मात्र त्यातली बरीच सजावट पैसे भरल्यावरच मिळते आणि इंटरनेट लागतं. लॅपटॉप असेल तर गिम्प हा संपूर्ण विनामूल्य प्रोग्रॅम आहे, १९९६पासून जगभरचे स्वयंसेवक तो वाढवत आले आहेत. सुरुवातीला आठ-पंधरा दिवस जड जातो, मग हात बसतो. दोन्ही शिकायची गरज नाही. शेजारी ज्याला जे येतं ते आपण घ्यावं, म्हणजे अडलं तर विचारता येतं.

दोन्हीकडे एक कल्पना समान आहे: लेयर, म्हणजे थर. पारदर्शक कागदांची चळत डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात खालच्या कागदावर पानाचा रंग, त्यावरच्या कागदावर फोटो, त्यावर एखादी चौकट, सगळ्यात वर मजकूर. वरून पाहिलं की एकच चित्र दिसतं, पण कुठलाही एक कागद बाकीच्यांना धक्का न लावता हलवता येतो. हे एकदा कळलं की निम्मं काम कळलं.

इथे नवशिक्याच्या दोन चुका ठरलेल्या. एक, भलताच थर निवडलेला असताना हात चालवणं. फोटो हलवायला गेलो आणि मजकूर हलला, असं झालं की थरांच्या यादीत कोणतं नाव उजळलेलं आहे ते पाहा. दुसरी चूक महागात पडते. पान झालं की लोक ते फक्त जेपेग म्हणून, म्हणजे साध्या चित्राच्या रूपात साठवतात. त्यात सगळे थर वितळून एक होतात. पुढच्या वर्षी मजकुरातलं एक नाव सुधारायचं म्हटलं तर सगळं पान पुन्हा करावं लागतं. म्हणून थरांसकट मूळ फाईल वेगळी ठेवा आणि वाटायला तिच्यापासून चित्र काढा.

रंगांसाठी फोटोकडेच पाहा. रंग उचलायचं एक साधन असतं, ड्रॉपरसारखं. ते फोटोतल्या एखाद्या जागी टेकवलं की तोच रंग मिळतो. आमच्या फोटोच्या पिवळ्या कडेचा रंग आम्ही पानाला दिला, थोडा फिका करून. लाल-हिरव्या भडक पानावर जुना काळा-पांढरा फोटो मरून जातो.

सजावट बाजारातून आणण्याआधी घरात शोधा. खणाच्या चोळीचा तुकडा, कोशाच्या साडीचा काठ, लग्नपत्रिका, आजीच्या अक्षरातली लोणच्याची कृती, रेल्वेचं जुनं तिकीट: हे सगळं स्कॅनरवर ठेवता येतं. सासूबाईंच्या एका जुन्या इरकलीचा काठ टिपून आम्ही पानाच्या डाव्या कडेला उभा लावला. विकतच्या कुठल्याही फुलापेक्षा तो त्या पानाला शोभतो. मात्र कागदपत्रं टिपताना सावध राहा. आधार क्रमांक, बँकेच्या पासबुकाचं पान, मुलांचं शाळेचं ओळखपत्र वाटायच्या पानावर येऊ देऊ नका.

फोटोखाली हलकी सावली दिली की तो कागदावर ठेवल्यासारखा दिसतो. सावली सगळ्या वस्तूंची एकाच दिशेला पडू द्या. एकाची डावीकडे, एकाची उजवीकडे पडली की डोळ्याला खुपतं, आणि का खुपतंय ते चटकन कळतही नाही.

आता अक्षरं. मराठी पानाचे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात.

पहिली गोष्ट, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक. फोनवरचं मराठी टायपिंग युनिकोडमध्येच असतं. कृतिदेवसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकात टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात.

दुसरी, कीबोर्डची भाषा मराठीच निवडा. आमच्याकडे सगळ्यांच्या फोनवर आधीपासून हिंदी असते आणि लिपी तीच म्हणून ती तशीच राहते. मग फोन आपले शब्द हिंदी समजून ‘सुधारत’ जातो. गटातल्या एका मावशींच्या पानावर म्हणून तीन ठिकाणी भलतेच शब्द आले होते आणि छापून झाल्यावर ते लक्षात आलं.

तिसरी, टंक म्हणजे फॉण्ट. बहुतेक देवनागरी टंकांत ल आणि श हिंदी वळणाचे असतात. आजीनं पाटीवर गिरवलेला ल तसा नव्हता. आपल्या वळणाचे ल आणि श हवे असतील, तर टिरो देवनागरी मराठी हा विनामूल्य टंक मिळतो. एका पानावर दोनच टंक पुरेत, एक शीर्षकाला, एक मजकुराला.

टंक पसंत करण्याआधी त्यात हे तीन शब्द लिहून पाहा: मुरमुऱ्याचे, क्षितिज, मूर्ती. जोडाक्षर फुटलं, रफार दुसऱ्याच अक्षरावर गेला किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसली, तर तो टंक किंवा तो प्रोग्रॅम आपल्या कामाचा नाही.

पान झालं, असं वाटलं की ते लगेच छापायला देऊ नका. आधी दुसऱ्याला दाखवा. आमच्या गटात त्याची एक रीत पडली आहे. पान ज्यानं केलं तो गप्प बसतो. दुसरा कुणीतरी मजकूर मोठ्यानं वाचतो आणि सांगतो, मला यातून काय समजलं: कोण, कुठे, कधी. मग प्रत्येकानं आधी काय आवडलं ते सांगायचं आणि त्यानंतर सुधारणा एकच सुचवायची. एकच, कारण पाच सूचना एकदम मिळाल्या की नवीन माणूस पुढच्या रविवारी येत नाही.

शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त काका पहिल्यांदा पान घेऊन आले, त्यावर चौदा फोटो होते. कुणी चूक काढली नाही. एकीनं एवढंच विचारलं, ‘काका, यातला एकच ठेवायचा झाला तर कुठला?’ त्यांनी सायकलवरच्या वडिलांच्या फोटोवर बोट ठेवलं, आणि मग ती सायकल कशी घेतली ते सांगायला लागले. त्यांचं पहिलं पान त्या सायकलचं झालं. उरलेल्या तेरा फोटोंची पानं ते अजून करत आहेत.

दुसऱ्याच्या पानाला त्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हाही आमचा नियम आहे. मदत करायची ती शेजारी बसून, माऊस त्याच्याच हातात ठेवून. आपल्या हातानं केलेली रांग वाकडी आली तरी ती लक्षात राहते.

साचे मात्र आम्ही मोकळेपणानं देतो-घेतो. साचा म्हणजे फोटो आणि मजकूर यांच्या रिकाम्या जागा आखलेलं पान. स्वतः केलेला साचा कुणालाही द्या. विकतचे किंवा विनामूल्य मिळालेले सजावटीचे संच देताना मात्र त्यांच्यासोबतची अट वाचा. पुष्कळांवर ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेलं असतं. तो संच वापरून केलेलं पान आपण वाटू शकतो, संच स्वतः नाही. मैत्रिणीला हवा असेल तर तो कुठून घेतला ते सांगा, फाईल पाठवू नका. त्याच्यामागे कुणाची तरी मेहनत असते.

फोटोतल्या माणसांनाही विचारा. जिवंत माणसाचं पान घराबाहेर जाण्याआधी त्यानं पाहिलेलं असावं. सासूबाईंनी पान पाहून एक ओळ काढायला लावली. ती इथेही नाही.

पाठवताना एक नुकसान होतं. व्हॉट्सॲपवर पान नेहमीच्या फोटोसारखं पाठवलं की ते आक्रसून लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतं, छापलं तर पाच इंचांच्या पुढे धूसर. तेच पान डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर जसंच्या तसं पोचतं. अनेक पानांची वही असेल तर तिचं एक पीडीएफ करा.

छापायला देण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: कागदाचं माप, जाडी, आणि कडा कापल्या जाणार का. कापणार असतील तर पानाचा रंग चारी बाजूंना तीन मिलिमीटर जास्त सोडावा लागतो आणि मजकूर कडेपासून निदान अर्धा इंच आत हवा, बांधणीच्या बाजूला आणखी थोडा. आमच्या पहिल्या पानाची शेवटची ओळ एका दुकानात अशीच कापली गेली. ‘ते त्या जत्रेतच हरवलं’ ही ओळच गेली.

शिवाय पडदा मागून उजळलेला असतो, कागद नसतो. पडद्यावर छान दिसलेलं पान कागदावर काळपट येतं. आधी एकच प्रत काढून खिडकीपाशी पाहा, गरज वाटली तर उजळपणा थोडा वाढवा, मगच बाकीच्या प्रती काढा. चकचकीत कागदापेक्षा मॅट कागद घ्या. त्यावर बोटांचे ठसे पडत नाहीत आणि दिव्याखाली म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येतं.

मूळ फोटो फेकू नका. संगणकात आला म्हणजे त्याचं काम संपलं असं नाही. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी, पत्र्याच्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते.

अभनपूरचं पान आता चार घरांत आहे. रायपूरच्या घरी ते सासूबाईंच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेलं आहे.

आपल्याकडे असा अल्बम असेल, तर या रविवारी त्यातला एकच फोटो सोडवा आणि उलटा करून पाहा. मागे काही लिहिलेलं असेल तर ते टिपा. काही नसेल, तर ज्याला त्यातलं माणूस ओळखता येतं, त्याला त्याच दिवशी फोन करा.